एकशे पंचेचाळीसचा फळा

सकाळी पेपर पडला की आमच्या गल्लीतली कुत्री उठून पलीकडच्या गल्लीत जात. पुढच्या मिनिटाला अप्पा गरजणार, हे त्यांना पाठ होतं.

"आज बी नही! डॉलर शे, पौंड शे, येन शे. मंग आपला शेजारी मरेल शेतस का?"

अप्पा धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत. शेजारी म्हणजे नेपाळ आणि भूतान. भूतानच्या शंभर न्गुल्त्रुमला नेपाळी रुपये किती, हा भाव पेपरात का नाही, यावर त्यांचा संताप. न्गुल्त्रुम हा शब्द गल्लीत फक्त त्यांनाच उच्चारता येई. आम्ही 'भूतानी' म्हणून मोकळे होत असू. दर सोमवारी ते संपादकाला पत्र लिहीत. एकदा मला साक्षीला घेऊन थेट कचेरीतच घुसले.

"अप्पा," संपादक काकुळतीला आले, "भूतानी नोट आपल्या रुपयाच्या बरोबरीची. नेपाळीचाही भाव आपल्याशी बांधलेला. म्हणून शंभर भूतानीला एकशे पंचेचाळीस नेपाळी. वर्षं झाली, तेच. जो भाव हलतच नाही तो रोज काय छापू?"

"तुमना संस्थापकना फोटू रोज छापतस! तो हालस का?"

बाहेर पडताना अप्पा मला म्हणाले, "मोठानं मोठासंगे काय, ते बठ्ठा सांगतस. धाकलानं धाकलासंगे काय, ते कोन सांगी?" आणि त्याच दिवशी त्यांनी घराबाहेर फळा टांगला. रोज आंघोळ करून तो पुसायचा आणि रोज तोच आकडा नव्यानं लिहायचा: शंभराला एकशे पंचेचाळीस. आमच्या गल्लीतली पोरं पाढ्यांच्या आधी हा भाव शिकली. खोटं वाटेल तर विचारा, त्यातलीच दोन आज बँकेत आहेत.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात फळ्याचं सोनं झालं. गल्लीचा गुरखा मानबहादूर याचा धाकटा भाऊ जीत भूतानात रस्त्याच्या कामावर होता. तो गावी नेपाळला परतताना भावाला भेटायला धुळ्याला आला. त्याच्या खिशात भूतानी नोटा होत्या, घरावर पत्रे घालायला त्याला नेपाळी हवे होते. बहादूरच्या पेटीत नेपाळी नोटा होत्या आणि होळीनंतर तो एका हंगामापुरता जीतच्या जागी भूतानला निघणार होता. अदलाबदल अप्पांच्या ओट्यावर झाली, फळा वाचून. अप्पा लग्नातला कोट घालून अध्यक्षस्थानी बसले होते. मग पेढे वाटले. असा सौदा खानदेशात आधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही, पैज लावा.

फेब्रुवारीत जीतचं पत्र आलं. 'दादा, इथल्या सरकारनं भाव आधीच बदलला होता. आपण नोटा बदलल्या त्या दिवशी शंभराला एकशे सत्तर होते. पत्रे पुरले नाहीत, अर्धं घर उघडं आहे. सख्ख्या भावानं लुटलं. आता येऊ नकोस.'

बहादूर पत्र घेऊन ओट्यावर आला. "अप्पासाब, हम चोर है क्या?"

अप्पांनी आधी पेपरवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. एवढा भाव फिरला आणि ह्या गाढवांनी एक ओळ दिली नाही! मग त्यांची नजर फळ्यावर गेली. तिथलं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा न पुसता चादरीत गुंडाळला आणि बहादूरला घेऊन भुसावळहून गाडी धरली. अमळनेरच्या पलीकडे न गेलेला माणूस! वाटेत हमालापासून तिकीट तपासनीसापर्यंत सगळ्यांना त्यांनी फळा दाखवून पेपरवाल्यांची अब्रू काढली. सीमेवरच्या शिपायानं तर म्हणे शेवटी हात जोडले आणि सामान न तपासताच सोडलं.

जीतनं दार उघडलं नाही. अप्पा उंबऱ्याशी फळा डोक्यावर धरून उभे राहिले आणि धुळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी खोटा शे! तुना भाऊ नही!" जीतला अहिराणी कुठली यायला? पण फटीतून त्यानं फळा ओळखला, त्यावरचा आकडा ओळखला. दार उघडलं. फरक बहादूरनं दिला. पत्रे चढवायला अप्पा स्वतः शिडीवर चढले, हे बहादूरच सांगे.

त्यानंतर जीतचं दरमहा कार्ड येई, त्यावर फक्त आकडा. एकशे अडुसष्ट, एकशे पासष्ट, त्र्याण्णवपासून एकशे साठ. फळा पुन्हा कधी चुकला नाही. सोमवारची पत्रंही चुकली नाहीत. छापलं मात्र एकही नाही.

नव्वदचं दशक सरताना अप्पा गेले. निधनाची जाहिरात द्यायला मी आणि बहादूर त्याच कचेरीत गेलो. बहादूरनं आपले पैसे टाकून खाली एक ओळ वाढवली: 'शंभर न्गुल्त्रुम = १६० नेपाळी रुपये.'

कारकुनानं वर पाहिलं. "हे काय? मयताशी याचं नातं काय?"

"सगा है," बहादूर म्हणाला. "छापो."

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या फोटोखाली तो भाव छापून आला. एकशे सहा!

ज्याच्या उभ्या जन्मात एक ओळ दिली नाही, त्याच्या मरणाखाली खोटा आकडा! बहादूर पेपर घेऊन माझ्या दारात उभा होता. सोमवारला चार दिवस होते. मी थांबलो नाही. कागद ओढला आणि लिहिलं, 'संपादक महोदय, आज कुठेतरी दोन भाऊ तुमच्या भरवशावर नोटा बदलत असतील.'