स्वप्नाली भोईरने सही केली नाही

काशीमिऱ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी लोडिंगचं काम बघतो. कोणत्या ड्रायव्हरला कुठला माल, कोणती गाडी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. सतरा वर्षांत शेकडो ड्रायव्हर बघितले. चांगले, बेफिकीर, देवमाणसं, दारुडे. पण कुणाबद्दल घरी जाऊन बायकोला सांगावं असं वाटलं ते एकदाच.

स्वप्नाली राई गावची. घरची मिठागरं होती, ती कधीच गेली. वडील गेल्यावर तिने आधी पाण्याचा टँकर चालवला, मग हेवी लायसन्स काढून सव्विसाव्या वर्षी आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी आवारात उभी असलेली नवी चौदा चाकी तिने बघितली आणि बोलणं अर्धवट टाकून तिकडेच गेली. केबिनमध्ये चढून बसली, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. म्हणाली, "जितूदादा, इथून सगळं किती खाली दिसतं हो!"

आमच्या मालकाने, शेठने, तिची ही ओढ ओळखली. त्यांची एक योजना होती. नव्या ड्रायव्हरने कंपनीचीच गाडी भाडेपट्ट्यावर घ्यायची, दर महिन्याला हप्ता त्याच्या कमाईतून कापायचा, चार वर्षांनी गाडी त्याची. करार मीच टाइप करायचो. नऊ जणांनी केला होता, एकानेही वाचला नव्हता.

"पगारावर किती दिवस राहणार?" शेठ म्हणाले. "मालकीण हो ना, बेटा."

तिच्यासोबत ईश्वर नावाचा नवा ड्रायव्हर होता. त्याने तिथल्या तिथे सही करून पेढे वाटले. स्वप्नालीने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "उद्या आणते," म्हणाली.

घरी तिचे चुलते दशरथकाका, पस्तीस वर्षं ट्रक चालवलेले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तिला अख्खा करार मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. हे तिनेच मला नंतर सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी बिगारली तं कोनाची? आन् सोडली तं तुझ्या हाती काय ऱ्हातंय?"

दुसऱ्या दिवशी ती शेठसमोर बसली.

"शेठ, महिन्याला किती लोड देणार ते यात लिहिलेलंच नाही."

"अरे, लोड तर मिळतोच ना!"

"मग लिहा ना."

शेठ हसले. "विश्वास नाही काय माझ्यावर?"

"आहे ना. म्हणूनच तुमच्याकडे पगारावर राहतेय," ती म्हणाली. "गाडी बंद पडली तरी हप्ता माझा, रिपेअर माझं, आणि दुसऱ्याचा माल उचलायला मला बंदी. मी अजून शिकतेय, शेठ. मला ती गाडी खूप आवडलीय. पण सही नाही करणार."

आमच्या ऑफिसात असं कुणी बोलत नाही. आपली आता नोकरी जाणार, असं तिला नक्की वाटलं असणार. पण आवाज जरासुद्धा चढला नाही. शेठने करार उचलून खणात टाकला आणि ते मला म्हणाले, "हिला तीच गाडी दे. पगारावर."

पाच-सहा आठवड्यांनी न्हावा शेवाहून माल आणायचा होता. कागदपत्रांचा गोंधळ होता म्हणून मी बरोबर गेलो. परतताना दुपारी गायमुखचा घाट उतरत होतो. मागे टाइल्सचे खोके भरलेले. अचानक तिने ब्रेक दोनदा दाबला आणि शांतपणे म्हणाली, "जितूदादा, पट्टा घट्ट ओढा. ब्रेक लागत नाहीयेत."

पुढे रिक्षा होत्या, बाइकवाले होते, पालिकेची एक भरलेली बस होती. तिने एका हाताने हॉर्न धरून ठेवला, दुसऱ्याने ती एक-एक गिअर उतरवत गेली. इंजिन ओरडत होतं. बस जवळ येत होती, तिचा मागचा नंबर मला वाचता येत होता. मग तिने गाडी डावीकडे डोंगराच्या बाजूला घेतली, चाकं गटारात घातली आणि कड घासत, दगडमाती उडवत उभी केली. माझ्या बाजूचा आरसा तुटला. बाकी कुणाला ओरखडासुद्धा नाही.

ती खाली उतरली. चाकांखाली दगड लावले, मागे जाऊन गाड्यांना हात दाखवत राहिली. ट्रॅफिकवाले आल्यावर रस्त्याच्या कडेला बसली. तेव्हा तिला पाण्याची बाटलीसुद्धा धरवेना. मी बाटली तिच्या तोंडाला लावली. माझ्या लेकीएवढी मुलगी. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, खोटं नाही सांगत.

गाडी अकरा दिवस गॅरेजमध्ये होती. स्वप्नालीचा पगार चालू राहिला. त्याच महिन्यात ईश्वरची गाडी लोड नाही म्हणून नऊ दिवस उभी होती, तरी त्याचा हप्ता कापला गेला. कापण्याची नोंद मीच केली. चौदाव्या महिन्यात त्याने चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या. भरलेलं काहीच परत मिळालं नाही. करारात तसंच होतं. ईश्वरच्या आधीच्या नऊ जणांपैकी दोघांच्या गाड्या मात्र शेवटी त्यांच्या नावावर झाल्या, तेही सांगायला हवं. दोघेही जुने, रस्ता आणि व्यापारी ओळखणारे.

स्वप्नालीने साडेतीन वर्षं पगारावर काढली. या दिवाळीआधी एका सकाळी आवारात एक जुनी दहा चाकी शिरली. दरवाजाला पोचा, रंग उडालेला. गाडीचं आरसी बुक तिच्या नावावर, कर्ज बँकेचं. शेठ खुर्चीतून उठून बाहेर आले, टायर बघत गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"अहमदाबादचा माल आहे," ते म्हणाले. "भाडं काय घेणार, स्वप्नालीबेन?"

त्या आवारात शेठने कुठल्या ड्रायव्हरला हा प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तिने आकडा सांगितला. शेठने थोडी घासाघीस केली. ती आकड्यावरून हलली नाही. मग शेठच्या खुणेवर मी पावतीबुक उघडून तिचाच आकडा लिहिला.