माझ्या वाटचे उपास

आधी सोमवार धरला. मग गुरुवार, मग शनिवार. चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या मधेमधे होत्याच. मोहाडीतल्या आमच्या आळीतल्या बाया आईला म्हणायच्या, "पोरगी देवाची हाय वं तुही," आणि आईची मान ताठ व्हायची. मी तेव्हा अकरावीत होते. खरं सांगायचं तर त्या उपासांत देव कुठेच नव्हता. रिकाम्या पोटी झोपायला गेलं की जिंकल्यासारखं वाटायचं, एवढंच. फराळ मी गाईच्या घमेल्यात टाकायचे, आणि उरलेल्या दिवसांचा भातही तिथंच जायचा. त्या वर्षी आमची गाय मात्र चांगली गरगरीत झाली.

विहिरीवरून एक कळशी आणली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. केस गळायचे. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिकची बाटली लिहून दिली. अशा दुखण्याला नाव असतं हे मला फार उशिरा कळलं. घरात तेव्हा त्याला भक्ती म्हणत.

ऐंशीनंतरची ती वर्षं. शाळेच्या मैदानावर कराटेचा वर्ग सुरू झाला. सर वरठीहून सायकलनं यायचे. आम्ही मुली चारच. आणखी झिजता येईल म्हणूनच मी नाव घातलं होतं. पण पहिल्या दिवशी सर म्हणाले, ठोसा मारताना पोटातून ओरडायचं. मुलीच्या जातीला ओरड म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी ओरडायला गेले, आवाज काही निघाला नाही. त्या दिवसापासून मला तो आवाज हवा होता. इतकं काही हवंसं वाटणं मी विसरूनच गेले होते.

तिसऱ्या आठवड्यात गुडघे वाकवून उभी असताना मी कोसळले. सर सायकल ढकलत घरापर्यंत सोडायला आले आणि आईला म्हणाले, "काकू, हिचा हात पाहा, काडी झाला. हिचे उपास सुटत नाई तोवर हिले पाठवू नका."

मी लगेच म्हटलं, सोडते. पण आई घाबरली. धरलेलं व्रत मधेच सोडायचं नसतं, त्याचं उद्यापन व्हावं लागतं, नाहीतर देवाचा कोप.  तिसऱ्या दिवशी देवापुढे बसून बराच वेळ काहीतरी पुटपुटली आणि उठून म्हणाली, "तुहे उपास आता मी धरीन. तू जेव."

आणि तिनं ते धरले. सगळे.

सोमवारी, गुरुवारी, शनिवारी ती माझ्यापुढे ताट ठेवायची आणि समोर बसायची. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, एखादी भाजी. मला तिचा संताप यायचा. घास तोंडात फिरत राहायचा. पण समोर उपाशी आई बसलेली असताना गाईचं घमेलं कुठून आठवणार? अर्ध्या ताटाला तासभर लागायचा आणि उठताना ओझं वाहिल्यासारखी पाठ दुखायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आई दिवसभर चिखलात वाकून यायची, तीही पोटात काही नसताना. मी म्हणायचे, "पुरे कर आता." ती म्हणायची, "तू जेव ना वं."

सरांनी पुन्हा घेतलं, पण महिनोन्‌महिने फक्त भिंतीला हात टेकून जोर काढायला लावले. "ठोसा मारून राहिली का माशा हाकलून राहिली?" असं चिडवायचे. बाकीच्या मुलींना पिवळा पट्टा मिळाला तेव्हा मी जमिनीवर चार जोर काढू शकत होते. आनंद वगैरे काही नव्हता. औषधासारखं जेवायचं, मैदानावर जायचं, थकून यायचं. असं वर्ष निघालं.

मग एका शनिवारी सरांनी मला पहिल्यांदा समोरासमोर लढायला उभं केलं. मी हरले, पण ओरडले, आणि पलीकडच्या रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. घरी आले, आईनं वाढलेलं संपवलं आणि काही विचार न करता म्हटलं, "आई, भात आहे का अजून?"

तिच्या हातातली पळी थांबली. तिनं मला भात वाढला. मग फळीवरून दुसरं ताट काढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि माझ्याशेजारी बसली.

"आज शनिवार आहे," मी म्हटलं.

"मालूम हाय मले. देवाले बोलली होती मी. पोरगी आपल्या तोंडानं भात मागंल, त्या दिवशी उद्यापन."

वर्षभर ती माझ्या एका वाक्याची वाट पाहत उपाशी राहिली होती, आणि मी तिच्यावर संतापत होते. त्या दिवशी आम्ही दोघी रडत जेवलो.

पुढे मला पिवळा पट्टा मिळाला, त्याच्या पुढचाही. दुखणं मात्र पुरतं गेलं नाही. अजूनही काही दिवस असे येतात की ताटाकडे बघवत नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली. अशा दिवशी मी रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हणते, "आई, भात वाढ." आणि मग आपणच वाढून घेते.