सुमनअक्काचा डबा

सुमनअक्कानं आमच्या घरची वाटी कधी रिकामी परत केली नाही. आईनं कढी पाठवली की वाटी परत येताना तिच्यात दोन लिंबं, मूठभर फुटाणे, आणि घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी असायची. "नुसती कशी धाडू? तिला बी वाईट वाटतंय," असं ती त्या वाटीबद्दल म्हणायची. बोरी गावात आमच्या घराला लागूनच तिची पिठाची गिरणी होती. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पिठानं पांढरं झालेलं. त्यात कपाळावरची विभूती वेगळी ओळखूच यायची नाही.

मी गिरणीत पाऊल टाकलं की पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून ती विचारायची, "आलीस का क्रांते? आज कुणाचं सरकार पाडायलीस?" माझं क्रांती हे नाव माझ्या वडिलांनी, अण्णांनी ठेवलं होतं. अण्णा शेतमजुरांच्या संघटनेत होते. आमच्या घरात पलंग एकच होता, पण पत्रकांचे गठ्ठे इतके की मी लहानपणी त्यांच्यावरच झोपायची. मी आयुष्यात पहिलं सलग वाचलेलं वाक्य 'हजारोंच्या संख्येने सामील व्हा' हे आहे.

अशा घरातल्या मुलीला आठवीत असताना अक्कानं एक काम लावलं. परदेशातल्या एका बाईला इंग्रजीत पत्र लिहायचं.

अक्काचे वडील ती सहा वर्षांची असतानाच गेले होते. गरीब मुलांचा शाळेचा खर्च उचलणारे परदेशी पालक मिळवून देणारी एक संस्था तेव्हा आमच्या भागात काम करायची. संस्थेचा माणूस फोटो काढायला आला तेव्हा त्यानं अक्काला बजावलं होतं, हसायचं नाही. "मला तर हसूच आवरंना. पुढचे दोन दात पडलेले. त्यानं तीनदा फोटो काढला, मी तीनदा हसले. शेवटी वैतागून तसाच धाडला." तो बोळका फोटो जर्मनीतल्या आग्नेस नावाच्या बाईनं निवडला. दहावीपर्यंतची अक्काची वह्या-पुस्तकं, गणवेश, फी, सगळं तिच्याकडून आलं. अठरा पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे मदत संपली आणि नातंही संपायला हवं होतं. पण आग्नेसनं आपल्या एका फोटोच्या मागं स्वतःच्या हातानं पत्ता लिहून पाठवला. तेव्हापासून अक्काच्या तोंडी ती 'आग्नेसमावशी' झाली.

दर दिवाळीनंतर अक्का एक गोल पत्र्याचा डबा भरायची. त्यात तीळ घातलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी असायची. डबा मांजरपाटात घालून ती दाभणात दुहेरी दोरा ओवून शिवायची आणि पोस्टात द्यायची. उन्हाळा लागायच्या आत तोच डबा आल्याच्या बिस्किटांनी भरून परत यायचा. डबा रिकामा पाठवायचा नसतो, हे आग्नेसला अक्कानंच पहिल्या पत्रात कळवलं होतं, आणि त्या बाईनं ते कधी मोडलं नाही.

पत्र गिरणीतच लिहायचं, पोत्यावर बसून. अक्का दळता दळता सांगायची, मी लिहायची. पंजाबातून आलेला गहू, सासूचे गुडघे, कुणाची म्हैस व्याली. हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला कळायचं नाही. आग्नेसचं इंग्रजीही आमच्यासारखंच, शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिलेलं. एकदा तिनं लिहिलं, 'पाकीट उघडलं की टेबलावर थोडं पीठ पडतं. ते मी लगेच पुसत नाही.' हे वाचून दाखवल्यावर अक्कानं हातातली चाळणी खाली ठेवली. मग म्हणाली, "बघ. तिला बी कळतंय."

मला मात्र तेव्हा वेगळंच काही कळत होतं. गरीब पोरांचे फोटो मांडून त्यातलं एक निवडायचं, याची मला चीड होती. आजही आहे. मी अक्काला एकदा विचारलं, "तुला लाज नाही वाटत, घेतल्याची?"

"घेतल्याची कशाची लाज गं? रिकामं परत केलं तर लाज."

माझं समाधान झालं नाही. मी सोळा वर्षांची होते आणि माझ्याकडे उत्तरं फार होती. त्या दिवाळीनंतरच्या पत्रात अक्कानं सांगितलेला मजकूर संपल्यावर मी खाली माझ्या मनानं चार ओळी घातल्या. 'आम्हाला कुणाची दया नको. तुमच्या देशांतल्या गिरण्या आमच्यासारख्यांच्या कापसावर उभ्या राहिल्या. आधी त्याचा हिशेब द्या.' त्याच्याखाली अक्काची सही होतीच, ती नेहमी कोऱ्या कागदावर आधी सही करून ठेवायची. वाचून दाखवताना त्या चार ओळी मी गाळल्या.

उन्हाळा आला. डबा आला नाही.

पोस्टमन शेखचाचा सायकलवरून जाताना अक्का गिरणीच्या दारात यायची. "चाचा, हाय का काही?" "न्हाई अक्का. आलं तर मीच धावत येतो की." आधी ती म्हणाली, डबा वाटेत अडकला असंल. मग म्हणाली, मावशी आजारी असंल, तिला तिथं कोण हाय बघायला? श्रावण लागला तशी तिनं आग्नेसच्या नावानं अळणी सोमवार धरले. दिवसभर पीठ दळायचं आणि संध्याकाळी मिठाशिवायची भाकरी खायची.

दुसऱ्या सोमवारी मी गिरणीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. पट्ट्याच्या आवाजात तिला पुरतं ऐकू गेलं नाही. तिनं खटका पाडला. गिरणी थांबायला बराच वेळ लागतो. पट्टा थांबला तशी ती माझ्याजवळ आली.

"आता सांग. पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं. एकेका ओळीचा मराठीत अर्थ सांगितला. दळणाला आलेल्या दोन बायका डबे तिथंच ठेवून बाहेर सरकल्या.

"कापसाचं म्हणतीस ते खरं असंल," अक्का म्हणाली. "तुझे अण्णा बी म्हणतेत. पण माझ्या नावानं का लिहिलंस? तुला भांडायचं तर तुझ्या नावानं भांड. माझ्या डब्यात तुझं दळण कशाला टाकलंस?"

गिरणीवाल्या बाईनं यापेक्षा मोठा दोष कुणाला दिला नसेल. ज्वारीवर कुणाचा गहू पडू नये म्हणून ती प्रत्येक दळणानंतर जातं झाडून घ्यायची.

मी रडत म्हणाले, "मी माफी मागते. आत्ता लिहिते, माझं चुकलं म्हणून."

"खोटी माफी नको लिहू. कापसाचं तुला खरं वाटतंय ना? मग ते माघारी घेऊ नको. फक्त कुणी लिहिलं ते लिही, आन खाली तुझी सही कर." मग पाठ फिरवून म्हणाली, "आन माझं वेगळं लिही. त्यात म्हणावं, सुमन वाट बघायली."

त्या दिवशी मी दोन पत्रं लिहिली. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढलेल्या मुलीनं स्वतःच्या सहीनं केलेलं ते पहिलं लिखाण.

दसऱ्याच्या आधी शेखचाचा खरोखरच धावत आले. डबा होता, आणि दोन पत्रं. अक्काच्या पत्रात आग्नेसनं लिहिलं होतं की, सुमनला आपला राग आला असं समजून तिला लिहायचा धीर झाला नाही. तीन वेळा डबा भरला आणि तीन वेळा बिस्किटं स्वतःच खाल्ली. अक्का हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून खाली बसली. पदराचं पीठ डोळ्यांत गेलं ते वेगळंच.

दुसरं पत्र माझ्या नावाचं होतं. 'कापसाचं तू बरोबर लिहिलंस. माझी आई बाराव्या वर्षापासून सूतगिरणीत होती. कापसाच्या गाठी कुठून येतात ते तिला कुणी सांगितलं नाही. मी दवाखान्याच्या धोबीखान्यात चाळीस वर्षं चादरींना इस्त्री केली. दया करायला माणूस मोठा लागतो, मी तेवढी मोठी कधीच नव्हते. मला पत्र लिहायला कुणी तरी हवं होतं, आणि त्या फोटोतली एकच मुलगी हसत होती.' बिस्किटांच्या तळाशी कागदात गुंडाळलेली, सूत गुंडाळायची लाकडी बॉबिन होती, तिच्या आईच्या गिरणीतली. ती अजून माझ्या टेबलावर असते. मी जिला मडम समजून जाब विचारला होता, ती आमच्याच पत्रकांतली बाई निघाली. अण्णांनी बॉबिन हातात फिरवून पाहिली आणि पत्रकांच्या गठ्ठ्यावर नीट उभी ठेवली.

पुढं मी शिकायला परभणीला गेले, छोट्या मासिकांतून लिहू लागले. वर्षातून एकदा मात्र पोत्यावर बसायला बोरीला यायचेच. काही जहाल लिहिलेलं छापून आलं की अक्का विचारायची, "खाली सही हाय ना तुझी? मग बिनघोर राहा."

यंदा महाशिवरात्रीनंतर आठ दिवसांनी अक्का गेली. सकाळी गिरणी झाडताना छातीत कळ आली, परभणीच्या दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. तिच्या समाजाच्या रीतीप्रमाणे तिला बसवून समाधी दिली. कपाळाला विभूती लावताना तिच्या सुनेचा हात थांबला. भुवयांवर सकाळचं पीठ तसंच होतं.

महिन्यानं मी बोरीला आले होते तेव्हा शेखचाचा आमच्या दाराशी आले. आता ते निवृत्त झालेत, पण नव्या पोस्टमनकडून तेवढं एक पार्सल मागून घेऊन आले होते. "मी कुठं देऊ हे? तूच सांग बेटा." डबा भरलेला होता. पत्रात लिहिलं होतं, 'सुमन, यंदा आलं जास्त झालंय. हसू नकोस.'

दोन दिवस मी त्या पत्रापुढं बसून होते. दुःखद बातमी कळवून, आभार मानून मोकळं व्हावं, असं वाटत होतं. आईनं शेंगदाणे भाजायला घेतले तेव्हा मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "मग डबा काय नुसताच धाडणार हाईस?"

चटणी मी कुटली. तीळ जरा करपले. मांजरपाट शिवताना दाभण दोनदा बोटात गेलं. मग कागद घेऊन शेजारी गिरणीत गेले. अक्काची सून दळत होती, तिनं न विचारता पोतं पुढं सरकवलं. 'प्रिय आग्नेसमावशी,' मी लिहिलं, 'हे पत्र सुमननं सांगितलेलं नाही. हे माझं आहे.' बाकीचं लिहायला संध्याकाळ झाली. खाली सही केली. कागदावर, पाकिटावर, माझ्या हातांवर बारीक पीठ बसलं होतं. कागद घडी करून आत घातला आणि न झटकता पाकीट चिकटवलं.