तारामतीबाईंच्या गाण्यांची रांग

फोनने काहीही विचारलं की 'ओके' दाबायचं, नामदेवरावांना एवढंच येत होतं. जन्मभर सुलतान बाजारात कापड विकलेला माणूस! गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नाही, तर फोनला कुठून म्हणणार?

विद्यानगरच्या घरात आता ते आणि तारामतीबाई, दोघंच. बाईंना विसरण्याचा आजार. सुरुवातीला जरा भान होतं तेव्हा त्या सांगायच्या, "आता ती ओवी लावा. मग पाळणा. मग ते लग्नातलं." नामदेवराव एकेक गाणं फोनमधल्या रांगेत मागे लावत गेले. पुढे बाई माणसं विसरल्या, नावं विसरल्या. पण जेवताना रांग सुरू झाली की घास घ्यायच्या, आणि पाळणा संपून लग्नातलं गाणं लागलं की मान वळवून म्हणायच्या, "अहो." बस, एवढंच. त्या एका 'अहो'वर हा माणूस दिवस काढत होता.

पुण्याची लेक निशिगंधा फोनवर कानीकपाळी ओरडायची, "बाबा, ती नुसती रांग आहे, प्लेलिस्ट नाही. नाव देऊन सेव्ह करा, नाहीतर एक दिवस उडेल."

"हौ हौ, करतो," म्हणायचे. कशाला करतात! रोज वाजतंय ना, मग झालं.

संक्रांतीला शेजारच्या सुजाताबाई तिळगूळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, एखादं नवं गाणं लावा की, काकूंनाही बरं वाटेल." किती दिवसांनी घरात कुणी हसून बोलत होतं. नामदेवराव हुरळले, एक नवं गाणं लावायला गेले. फोनने इंग्रजीत काहीतरी विचारलं, यांनी दाबलं ओके.

जेवायच्या वेळी बघतात तर तेच एक नवं गाणं, आणि त्यामागे फोनच्या मनाला येईल ते. रांग साफ! बाईंनी तोंडच उघडलं नाही.

लेक धावत आली. "गाणी सगळी आहेत बाबा, तुम्ही फक्त क्रम सांगा." तिथेच तर घोडं अडलं. क्रम बाईंचा होता. नामदेवराव रोज बसायचे ते बायकोचा चेहरा बघत; कशामागून काय, हे कोण ध्यानात ठेवतो? पाळण्यामागून लग्नातलं, तेवढं आठवलं. ते लावून पाहिलं. बाई भिंतीकडे बघत राहिल्या. आधीचं सगळं ऐकत ऐकतच त्या तिथवर पोचत असाव्यात, आणि ती वाट आता त्यांनाही सांगता येत नव्हती.

शेवटी निशिगंधानं जमेल तशी गाणी लावली, सेव्ह केली, वर आईचं नाव दिलं. "आता ही रांग कधीच जाणार नाही, बाबा," म्हणाली आणि रडली.

आता रोज तीच वाजते. काल नामदेवरावांनी घास पुढे केला, तर तारामतीबाईंनी त्यांना हात जोडले.

"दादा, अंधार पडायच्या आत मला घरी सोडा हो. आमचे हे वाट बघत असतील."