सरळरेघ्यांचा उजवा खांदा

त्यांचं खरं आडनाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोरी न धरता, पट्टी न लावता पाटीवरच्या शब्दाची शिरोरेघ एका दमात ओढणारा पेंटर म्हणून सगळे त्यांना सरळरेघे म्हणत, आणि नवा पोस्टमन तर त्याच नावाने चौकशी करत घरी आला होता. लांब रेघ मनगटाने ओढायची नसते, खांद्यातून ओढायची असते, हे ते ज्याला-त्याला ऐकवत. साठीला दोन वर्षं उरलेली असताना नेमका तोच उजवा खांदा आखडला. हात छातीपर्यंत जाई आणि तिथे हटून बसे.

सरळरेघ्यांनी दुखण्याची कामं घरभर वाटून टाकली. बायकोने तेल चोळायचं, मेहुण्याने कुठून तरी चूर्ण आणायचं, शेजारच्या कंपाउंडरने रोज हात धरून ओढायचा. स्वतःकडे त्यांनी फक्त कण्हणं ठेवलं, आणि ते मात्र एक दिवस चुकवलं नाही. गुण आला नाही की दोष तेलाचा, चूर्णाचा, नाहीतर कंपाउंडरचा.

तशात वाचनालयाच्या ग्रंथपालांनी नव्या इमारतीच्या भिंतीवर वीस फुटी नाव रंगवायचं काम दिलं. सगळा बाजार छापील फलकांवर गेलेला, हाताने काढलेली अक्षरं मागणारा हा एकच माणूस उरलेला. उद्घाटनाला अडीच महिने होते. तोवर नाव झालं नाही तर छापीलच लावावं लागेल, असं ग्रंथपाल अगदी ओशाळून म्हणाले. सरळरेघ्यांनी जन्मभर ज्या छापील अक्षरांना नावं ठेवली त्यांच्यापुढे हरायचं, तेही खांद्यापायी!

ते फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाच व्यायामांचा झेरॉक्स कागद दिला आणि दिवसातून तीनदा करायला सांगितलं. कागद पाहून सरळरेघ्यांचं डोकं फिरलं. अक्षरं फुटलेली, चित्रातल्या माणसाचा एक हात लांब, एक आखूड, नाकाचा पत्ता नाही. असल्या कागदावरून कोण बरा होणार? त्यांनी पत्रा घेतला, त्याला दोनदा पांढरा मारला आणि टेबलावर आडवा ठेवून पंधरा दिवस खपून त्याची पाटी केली. पाच माणसं, पाच रंगांचे सदरे, खाली टपोरी अक्षरं. पाटी बाहेरच्या खोलीत लागली. बायको येता-जाता तिच्यासमोर हात वर करू लागली, कंपाउंडर सहकुटुंब येऊ लागला, आणि मुक्कामाला आलेल्या सासूबाईंचा हात, वय वर्षं एक्क्याऐंशी, थेट वरच्या फळीवरच्या साखरेच्या डब्याला पोचला. सरळरेघे खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत.

पुढच्या खेपेला ते पाटी डाव्या काखेत मारून दवाखान्यात हजर झाले. डॉक्टरीणबाईंनी पाटीचं मनापासून कौतुक केलं, मग हात किती वर जातो ते मोजलं. तो आणखी दोन बोटं खाली आला होता. व्यायाम कोण करतंय, असं त्यांनी विचारलं.

"घरात सगळे करतात," सरळरेघे अभिमानाने म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "काका, हा हात माझ्याकडे खेपेला वीस मिनिटं असतो. बाकीचा वेळ तुमच्याकडे असतो. तुम्ही त्याचं काय करता?"

सरळरेघ्यांनी घरी येऊन ही तक्रार बायकोच्या कानावर घातली. तिने सगळं ऐकून घेतलं, तेलाची बाटली त्यांच्या डाव्या हातात दिली आणि शेजारी गप्पा मारायला निघून गेली.

पहिला व्यायाम भिंतीचा होता. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढायचं आणि हात थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. पहिल्या दिवशी सरळरेघ्यांना ब्रह्मांड आठवलं. चौथ्या दिवशी खूण एकदम चार बोटं वर गेली.

"जावईबापू, टाचा," सासूबाई म्हणाल्या.

टाचा खाली आल्या, खूणही आली.

आठवड्याने सासूबाई लेकाकडे गेल्या. दुपारी घरात चिटपाखरू नव्हतं. सरळरेघ्यांच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या, खूण झकास वर लागली. तिच्याकडे बघता बघता त्यांना स्वतःची शरम वाटली. कुणी बघत नसलं तरी वाकडी रेघ त्यांनी कधी ठेवली नव्हती, मग इथे ते कुणाला फसवत होते? त्यांनी रबर शोधून खूण खोडली, टाचा टेकवल्या आणि पुन्हा चढायला लागले. त्यानंतर दिवसातून तीनदा, शिव्या देत का होईना, पण चढले.

उद्घाटनाला दोन दिवस उरले तेव्हा अक्षरं पुरी झाली होती, फक्त दुसऱ्या शब्दाची शिरोरेघ राहिली होती. ग्रंथपाल रंगाचा डबा धरून परांचीवर शेजारी उभे. सरळरेघे एकेक पाऊल सरकत रेघ ओढत गेले आणि शेवटच्या दोन अक्षरांपाशी थकलेला खांदा अडला. त्यांनी ब्रश उचलून घेतला. ग्रंथपालांनी घाईने त्यांच्या कोपराखाली हात दिला. दोन महिन्यांपूर्वी सरळरेघ्यांनी अख्खा हात त्यांच्या हवाली केला असता.

"सोडा," ते म्हणाले. "तुमच्या आधाराने ओढली तर रेघ तुमची होईल."

त्यांनी टाचा फळीवर घट्ट रोवल्या. मग ब्रश टेकवला. कळ थेट दातांपर्यंत गेली, पण हात गेला, आणि रेघ शेवटच्या अक्षराच्या पार पोचली. खाली उतरून त्यांनी वर पाहिलं. रेघ सरळ होती. ग्रंथपाल काहीतरी चांगलं बोलायला वळले, तर सरळरेघे चक्क रडत होते, आणि उजव्या हाताने डोळे पुसत होते.