अठरा वर्षांवरील रोडगे

माझ्या मोठ्या बहिणीचा उजवा हात उकळतं तेल सांडून भाजला, असं आमच्या सगळ्या गणगोताला माहीत आहे. ते खोटं आहे आणि ते मीच सांगितलं. मी मुळात कमी बोलणारा. पण हे खोटं मात्र फोनवर, घरोघरी, न अडखळता बोललो.

अमरावतीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कागद मोबाईलवर फिरायला लागले तसं दुकानात फक्त पत्ता विचारायला येणारे उरले. म्हणून पन्नाशीत व्हिडिओ करायला लागलो. माझ्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं, बहिणीत होतं. तिला आम्ही बाई म्हणतो. भाऊजी गेल्यापासून ती भातकुलीजवळच्या खेड्यात एकटी राहते. आसपास कुठे रोडग्यांचा स्वयंपाक असला की तिला बोलावणं येतंच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजणं पुष्कळ जणींना जमतं. बाई मात्र हात पाण्यात बुडवते, उघड्या हाताने विस्तवातून रोडगा उचलते आणि फडक्यावर टाकून राख झाडते. बघणाऱ्याला कळेपर्यंत हात बाहेर आलेला असतो.

तो हात मी दाखवला आणि लोक तुटून पडले. ‘मावशी, हात आहे का सांडशी?’ असं कुणी कुणी लिहिलं. मी ते तिला वाचून दाखवायचो आणि ती पदराआड हसायची. जाहिराती सुरू झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं आधार कार्ड झेरॉक्सच्या काचेवर सरळ न करता माझ्या खात्यात पैसे आले.

मग एक दिवस व्हिडिओवाल्या कंपनीचा मेल आला. व्हिडिओत धोकादायक कृती असल्याने तो फक्त अठरा वर्षांवरील लोकांना दिसेल. आणि असा व्हिडिओ म्हणजे जाहिराती बंद. आमच्याकडे दात आलेलं पोर रोडग्याचा तुकडा चघळत फिरतं, त्याला आता तो रोडगा बघण्यासाठी वयाचा दाखला लागणार होता. दाद मागायला एक चौकट होती. ‘ही आमची जुनी पद्धत आहे,’ असं मी लिहिलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं की फेरविचार केला, निर्णय कायम आहे. सरकारी कचेऱ्यांत जोडे झिजवलेल्या मला त्या वेगाचं कौतुकच वाटलं.

मी बाईला म्हटलं, “चिमट्यानं काढ.”

“चिमट्यानं धराले तो का इच्चू आहे? फुटते तो. राख जाते अंदर.”

“मोबाईलवाल्यांना हात चालत नाही, बाई.”

“मंग त्यायले म्हना, तुमी नका खाऊ.”

तरी तिने चिमटा धरला. चिमट्याचे व्हिडिओ सुखरूप पास झाले आणि ते कुणीच पाहिले नाहीत. हात दाखवला तर बघणारे होते, पैसे नव्हते. चिमटा दाखवला तर पैशाची सोय होती, बघणारेच नव्हते.

अशा अडचणीतून मार्ग सांगणारेही व्हिडिओ असतात आणि त्यांच्यावर मात्र जाहिराती भरपूर असतात. त्यातल्या एकाने युक्ती सांगितली. हात आणि आग एका चौकटीत दाखवू नका. आग वेगळी घ्या, चेहरा वेगळा घ्या, हात बाहेर येताना वेगळा घ्या, मग जोडा. यंत्राला कळत नाही, माणसाला सगळं कळतं.

मला ते फार हुशारीचं वाटलं. त्या दिवशी दुपारी बाईच्या अंगणात मी तेच केलं. एरवी ती एका रोडग्यासाठी एकदाच हात घालते. मी तिला एकाच रोडग्यासाठी चारदा घालायला लावला. एकदा नुसता चेहरा, एकदा कोपर, एकदा दुसऱ्या बाजूने. रोडगा परत विस्तवात, हात परत पाण्यात.

“काय करून राहिला रे तू?” ती म्हणाली. “येकदा काढला ना म्या.”

“शेवटचं, बाई.”

पाचव्या वेळी तिचा हात आत गेला आणि मोबाईलच्या पडद्यावरचं चित्र मला धूसर दिसलं. मी म्हणालो, “थांब.”

ती थांबली. लहानपणापासून माझं सगळं ऐकत आली, तसंच हेही ऐकलं. तीन बोटं आणि तळवा भाजला.

ती ओरडली तेव्हा मी आधी मोबाईल पाहिला, रेकॉर्डिंग झालं का ते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात मी तेल म्हणालो. बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तीही म्हणाली, “हो, तेल.”

व्हिडिओ मी जोडला आणि टाकला. ओरडणं कापलं. यंत्राने तो तपासला आणि सर्व वयोगटांसाठी योग्य ठरवला. इतक्या जाहिराती मला आधी कधीच लागल्या नव्हत्या.

अकोल्याहून भाची आली. बाईची एकुलती एक पोर. आईचा हात बघून ती रडली, मग चिडली. आईला आता दिसत नाही, तेलाची कढई धरवत नाही, एकटीला ठेवायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं. बाईला अकोल्याला नेलं. तिथे बाईला गॅसपाशी उभं राहू देत नव्हते. तिचं खेड्यातलं घर विकायचं बोलणं निघालं आणि भाचीने मलाच फोन केला, “मामा, कागदपत्रं तुमीच पाहा, तुमाले समजते.”

कागद घेऊन मी गेलो. बाई खिडकीशी बसली होती, हात मांडीवर. तीन बोटं नीट मिटत नव्हती.

“सही डाव्या हातानं चालते का रे?” तिने विचारलं. तेवढंच.

मी कागद पिशवीतून काढलेच नाहीत. भाचीला म्हटलं, “तेल नव्हतं. ती चुकली नाही. हात विस्तवात असताना मी तिला थांब म्हणालो. व्हिडिओसाठी.”

भाचीने आईच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, “तो व्हिडिओ आहे अजून?”

“आहे.”

“अन् पैसे येऊन राह्यले?”

“हो.”

“मामा, तुमी चाह्य घेतल्याबिगर जा आज.”

बाई उठली आणि डाव्या हाताने आपली पिशवी भरायला लागली. “मी याच्यासंगं जातो,” ती म्हणाली. “मायं घर हाये तिकडं. मले दिसते सगळं.” भाचीने अडवलं नाही.

एसटीत मूर्तिजापूर आलं तेव्हा बाईने डाव्या हाताने खिडकी लावली. मग म्हणाली, “तीन महिने वाट पाह्यली म्या. म्हटलं, हा घर इकल्यावर खरं सांगते का त्याच्या आंधी?”

“तू का नाही सांगितलंस?”

“तुयं होतं ते. म्या काहून सांगू?”

तो व्हिडिओ मी काढून टाकला. लगेच नाही. जाहिरातींच्या हिशेबाचा महिना संपायला आठ दिवस होते, तेवढे जाऊ दिले.