जावयाने आणलेलं घड्याळ

चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या गृहस्थांना सगळे घड्याळकाका म्हणत. चावीच्या जुन्या घड्याळांचं त्यांना भारी वेड. कुणी असं घड्याळ घ्यायला निघालं, की आधी ते काकांच्या भिंगाखालून जायचं. काकांनी मान डोलावली तर सौदा, नाहीतर रामराम. हा मान काकांना मनातून फार सुखवायचा.

ते निवृत्त झाले त्या संध्याकाळी दुकानातली मंडळी घरी जमली होती. जावयाने एक डबी पुढे केली. जावई शाळेची बस चालवायचा. बोलणं मोजकं, पण मोठ्यांचा आब राखणारा. डबीत फार जुनं मनगटी घड्याळ होतं.

"दुकानदार म्हणाला, सगळं मूळचं आहे," तो म्हणाला.

"मग होऊन जाऊ दे परीक्षा," कुणीतरी म्हणालं.

'सावकाश बघू' असं काकांना म्हणता आलं असतं. पण हाताला सवय आणि जिभेला खाज. त्यांनी मागचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि बोलत सुटले. तबकडी नव्याने रंगवलेली, आकडे जाडेभरडे. काटे भलत्याच घड्याळाचे. आतलं यंत्र तर तिसऱ्याचंच.

"तीन घड्याळं मारून एक उभं केलंय हो," काका म्हणाले, आणि मंडळी पोट धरून हसली.

"जावईबापूंना चांगलाच चुना लावला," दुकानाचे मालक म्हणाले. जावईही हसला. त्याचे कान लाल झाले होते.

पाहुणे पांगल्यावर मुलगी जवळ आली. "बाबा, कित्येक महिने सुटीच्या दिवशी ते दुकानं पालथी घालत होते. तुम्हाला सुगावा लागू नये म्हणून कुणाला विचारलंही नाही."

"मग मी काय खोटं बोलायचं होतं?"

"नाही. गप्प बसायचं होतं."

काका स्वयंपाकघराकडे वळले. बायकोने तर ताटं विसळताना मागे वळूनही पाहिलं नाही.

माफीचे शब्द तोंडात घोळवत काका एके सकाळी बस उभ्या राहतात तिथे गेले. जावई चाकात हवा भरत होता, तो हात पुसत लगबगीने आला.

"तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? घड्याळ त्या रात्री सोबत नेलं, ते परत केलं मी. तुम्ही म्हणालात ते सगळं ऐकवलं, तर दुकानदाराची बोलतीच बंद. तुमच्यामुळे वाचलो, बाबा."

तो अगदी मनापासून बोलत होता. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची राहूनच गेली. दुकान कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारून घेतलं.

घड्याळ तिथे काचेमागेच होतं. दुकानदार आता पोळलेला होता. "आधीच सांगतो, यातलं काही मूळचं नाही. एका जाणकाराने नापास केलंय."

"असू दे," काका मान खाली घालून म्हणाले. "द्या बांधून."

जावई पुढे घरी आला तेव्हा ते काकांच्या मनगटावर होतं. त्याने ते ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली. आपण पुन्हा चुकलो, याला ही दया वाटली असणार, असं काकांच्या मनात आलं. त्यांनी बाही खाली ओढली.

"वेळ बरोबर दाखवतं का?" जावयाने विचारलं.

"मागे पडतं. रोज सकाळी लावून घेतो."

"हं," म्हणून तो बसच्या नव्या रस्त्याबद्दल बोलू लागला. माफी त्या दिवशीही राहिली, आणि पुढेही राहिलीच.

आता कुणी घड्याळ दाखवायला आणलं, की काका आधी विचारतात, "विकत घेताय, की कुणी दिलंय?" दिलेलं असेल, तर ते झाकण उघडत नाहीत.